चौसष्ट घरं तीच, घोडा मात्र अडला

अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी इसवी सन ९१६ मध्ये कोकणात चौल बंदरात आला होता. अरब या बंदराला सैमूर म्हणत. पुढे त्याने लिहिलेल्या मोठ्या ग्रंथात हिंदुस्थानातल्या बुद्धिबळाच्या नादाची हकीकत आहे. हस्तिदंती मोहरे, पैजेवर पैज, आणि जवळचं सगळं हरल्यावर हाताचं बोट पणाला लावणारे बहाद्दर. बोटांच्या गोष्टीवर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं. प्रवासवर्णनात मीठमसाला तेव्हाही चालत असे. पण त्याच ग्रंथात एक कोरडी, म्हणूनच जास्त भरवशाची नोंद आहे. मसूदी बुद्धिबळाच्या पटांचे सहा प्रकार सांगतो. आठ बाय आठचा नेहमीचा. चार बाय सोळाचा लांबट. दहा बाय दहाचा. सात बाय आठचा. बायझंटाइन लोकांचा गोल पट. आणि आणखी एक गोल पट, ज्यावर बारा राशींच्या घरांतून सात ग्रह फिरतात.

म्हणजे हजार वर्षांपूर्वी ‘बुद्धिबळाचा पट कसा असतो?’ असं विचारलं, तर समोरच्याने ‘कोणत्या?’ असं उलट विचारलं असतं. आज कोणी विचारणार नाही. हे बरं झालं की वाईट, यावर नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्यात दोन माणसांचा वाद लावून देऊ. माणसं या लेखापुरती घेतलेली आहेत. त्यांच्या तोंडची उदाहरणं, आकडे आणि ग्रंथ खरे आहेत.

एक आहेत गुरुजी. गणिताचे निवृत्त शिक्षक. दुसरी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, जिला आता सगळे ताई म्हणतात. ती रविवारी शाळेच्या वर्गात मुलांना स्पर्धेसाठी तयार करते. घड्याळ लावून खेळायचं, प्रत्येक चाल वहीत लिहायची, मोहऱ्याला हात लावला की तोच हलवायचा, ही तिची शिस्त. गुरुजी त्या वर्गात शिरतात ते काखेत फ्लेक्सची गुंडाळी घेऊन. वाढदिवसाचे बॅनर छापणाऱ्या दुकानातून त्यांनी हे करून आणलंय.

गुंडाळी बाकावर पसरली. ताईने वाकून पाहिलं.

“गुरुजी, ही रांगोळी आणलीत का?”

“बुद्धिबळ आहे, बेटा. घरं मोज.”

चार कडी, एकात एक बसवलेली. प्रत्येक कड्यात सोळा घरं, एक काळं एक पांढरं. मधोमध रिकामी जागा. “चौसष्ट,” ताई म्हणाली.

“मग? एक कमी नाही, एक जास्त नाही. मोहरेही तेच. राजा-वजीर आतल्या कड्यात, मग बाहेरच्या बाजूला उंट, घोडे आणि कडेला हत्ती. दोन्ही अंगांना चार-चार प्यादी. मसूदीने सांगितलेला बायझंटाइन पट तो हाच.”

“प्यादी दोन्ही अंगांना? म्हणजे चार इकडे चालणार आणि चार तिकडे?”

“हो. गोलाला मागची बाजू कुठे असते?”

“शेवटची रांगही नाही. प्याद्याचा वजीर कुठे होणार?”

“जुन्या नियमात होतच नव्हता. आजचे लोक ठरावीक घरं चालून गेल्यावर बढती देतात. आणि कोपरा शोध बरं.”

ताईने शोधलाही. नाही. तिच्या वर्गातली निम्मी शिकवणी कोपऱ्यावर उभी होती. किल्लेकोट करून राजा कोपऱ्याकडे न्या, शेवटच्या रांगेतली मात सांभाळा, एकट्या राजाला कडेला रेटत कोपऱ्यात कोंडा. या पटावर त्यातलं काहीच लागू नव्हतं.

“तर मग शिकवायचं काय यावर?” तिने विचारलं. प्रश्न खोचक होता, पण गुरुजींना तो हवाच होता.

त्यांनी फळ्यावर दोन रकाने आखले. रिकाम्या चौकोनी पटावर हत्ती कुठेही ठेवा, तो चौदा घरांवर मारा करतो. गोल पटावर? आपल्या कड्यातली उरलेली पंधरा आणि आत-बाहेरची तीन, अशी अठरा. कोणी आडवं नसेल तर तो दोन्ही बाजूंनी फिरून स्वतःच्याच पाठीशी येतो. उंटाचं उलट. चौकोनी पटावर उंट कडेला असला तर सात घरं पाहतो, मध्यात तेरा. गोल पटावर कड्यांची संख्याच चार, त्यामुळे तिरकं जाता जाता तो लगेच कडेला आपटतो. उरलेल्या तीन कड्यांत प्रत्येकी दोन घरं, सगळी मिळून सहा. कुठेही उभा करा, सहाच. घोड्याला चौकोनी पटाच्या मध्यात आठ उड्या असतात. इथे चार, फार तर सहा.

“म्हणजे उंट-घोडा साधारण सारखे, हत्ती त्यांच्याहून थोडा वरचढ, असं तू मुलांना पाठ करून घेतेस,” गुरुजी म्हणाले. “प्यादं एक, उंट तीन, हत्ती पाच. हे आकडे मोहऱ्यांचे आहेत असं तुझ्या मुलांना वाटतं. ते मोहऱ्यांचे नाहीत. पटाचे आहेत.”

हे वाक्य या वादातलं सगळ्यात वजनदार आहे, असं प्रस्तुत लेखकाचं मत. विचित्र आकाराचा पट ही शोभेची वस्तू वाटते. दिवाणखान्यात ठेवावी आणि पाहुण्यांना दाखवावी अशी. पण आकार बदलला की खेळाच्या आतले भाव बदलतात. कालपर्यंत ज्याला घोड्यासाठीही सोडत नव्हता, तो उंट आज स्वस्त होतो. त्याच्या चालीच्या नियमाचा एक शब्द न बदलता.

ताई ऐकून घेणाऱ्यांपैकी होती, पण मानून घेणाऱ्यांपैकी नव्हती.

“गुरुजी, भाव बदलतात हे कबूल. पण माझ्याकडे अक्राणीच्या डोंगरातून एक मुलगी येते. सातवीत आहे. तिला आठवड्यातून दोन तास मिळतात. ते दोन तास मी या गोलात घालवू? जळगावला स्पर्धेत तिच्यासमोर जो पट येणार तो चौकोनीच येणार. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकली, ग्रँडमास्टर झाली. तो सामना माझ्या पोरींनी चाल न् चाल समजून पाहिला. का समजला? पट एकच आहे म्हणून. जॉर्जियात तोच, नागपुरात तोच, अक्राणीतल्या धडगावात तोच.”

“त्या पोरीला विचार, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ती गेली होती का.”

“दरवर्षी जाते. दत्तजयंतीला. त्याचं काय?”

“तिच्यासाठी घोड्याचं कोडं आणलंय.”

कोडं जुनं आहे. पटावर घोडा ठेवायचा, आणि त्याच्या अडीच घरांच्या चालीने प्रत्येक घरात एकदाच जाऊन सगळा पट फिरायचा. शेवटच्या घरावरून पुढची उडी सुरुवातीच्या घरात पडली, तर फेरी बंद झाली म्हणायची. ऑयलर या गणितज्ञाने १७५९ मध्ये यावर निबंध लिहिला, म्हणून युरोपात त्याचं नाव घेतात. आपल्याकडे नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात ‘भगवंतभास्कर’ या ग्रंथात राजनीतीच्या भागात बुद्धिबळावर लिहिलं, आणि त्यात घोड्याच्या फेऱ्या दिल्या. हे भट्ट घराणं काशीचं म्हणून ओळखलं जातं, पण त्यांचे पूर्वज पैठणहून तिकडे गेले. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले. धर्मशास्त्राच्या ग्रंथात आचार आणि प्रायश्चित्तांच्या बरोबरीने घोड्याच्या उड्या लिहाव्याशा वाटल्या, हे त्या घराण्याचं एक रसिक अंग. मराठी वाचकाला ते सहसा कोणी सांगत नाही.

“चौकोनी पटावर घोडा फेरी बंद करून घरी येतो,” गुरुजी म्हणाले. “एक नाही, असंख्य वाटांनी. आता गोल पटावर कर. घरं चौसष्टच आहेत.”

ताईने खडू उचलला. मुलंही जमली. पाच मिनिटं उड्या झाल्या, खोडल्या, पुन्हा झाल्या. एका मुलाने सगळी चौसष्ट घरं जवळजवळ भरत आणली होती, पण शेवट सुरुवातीला जुळेना.

“जुळणारच नाही,” गुरुजी म्हणाले. “शंभर वर्षं बसलास तरी नाही. का ते सांगू?”

त्यांनी सांगितलं ते असं. सगळ्यात बाहेरचं कडं आणि सगळ्यात आतलं कडं, या दोन काठच्या कड्यांत मिळून बत्तीस घरं. मधल्या दोन कड्यांत बत्तीस. काठच्या घरातून घोडा उडाला की तो मधल्याच कड्यांत पडतो. काठावरून काठावर त्याला उडी नाही. म्हणजे काठची दोन घरं फेरीत लागोपाठ येऊ शकत नाहीत. बत्तीस आणि बत्तीस असल्यामुळे बंद फेरीत एकच मार्ग उरतो: काठ, मध, काठ, मध, असं आळीपाळीने. इथपर्यंत ठीक. पण घोडा दर उडीला रंगही बदलतो: काळं, पांढरं, काळं, पांढरं. दोन्ही आळीपाळ्या एकाच वेळी चालायच्या, तर काठची सगळी घरं एकाच रंगाची असायला हवीत. पटाकडे पाहा. काठावर काळी-पांढरी निम्मी-निम्मी आहेत.

वर्गात शांतता नव्हती. उलट दोन मुलं भांडत होती. एकाचं म्हणणं, मग सुरुवातीला परत यायचंच नाही असं ठरवलं तर? गुरुजी म्हणाले, मग जमतं. सगळी घरं फिरून होतात, फक्त गाठ मारता येत नाही.

ताईने तो युक्तिवाद मनात पुन्हा एकदा चालवून पाहिला. चार बाय सोळाच्या सरळ पट्टीलाही तो जसाच्या तसा लागू पडतो, हे आधी तिच्याच लक्षात आलं आणि तिने ते गुरुजींना सांगितलं. मसूदीच्या यादीतला दुसरा पट तोच. गुरुजी खूश झाले. विद्यार्थिनी विरोधात असली तरी विद्यार्थिनीच.

पण कोडं म्हणजे डाव नव्हे, आणि ताईने तिथेच पकडलं.

“हे गणित झालं. सुंदर आहे. पण खेळ कुठे आहे? चौकोनी पटावर गेली पाचशे वर्षं लोक एकमेकांच्या चुकांवर पुस्तकं लिहितायत. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्रींच्या संस्कृत बुद्धिबळ-ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं, तेसुद्धा युरोपीय पद्धतीच्या खेळाशी जुळवून. तेव्हापासूनच आपल्याला कळलं होतं की दुसऱ्याशी खेळायचं तर पट आणि नियम जुळवून घ्यायला लागतात.”

“आणि जुळवून घेताना आपलं काय सोडलं?”

“प्यादं पहिल्यांदा दोन घरं न जाणं. शेवटी ज्या घरात पोचलं तिथल्याच मोहऱ्याचा मान मिळणं. सोडलं ते बरंच केलं. सुलतान खान बघा ना. पंजाबात देशी नियमांवर शिकले. १९२९ मध्ये लंडनला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. मग १९३२, १९३३ पुन्हा. देशी पटावरच राहिले असते तर आज त्यांचं नाव कोणाला माहीत असतं?”

“बेटा, हे उदाहरण माझं आहे, तुझं नाही. एका नियमावर शिकून दुसऱ्यावर जाताना त्यांचं काही अडलं नाही.”

“एक सुलतान खान झाले. बाकीच्यांचं अडलं असेल, त्यांची नोंद कोण ठेवतो?”

हा मुद्दा बरोबरीत सुटला असं म्हणू. सुलतान खानांसारख्या माणसावरून कुठलाही नियम काढणं धोक्याचंच.

गुरुजींची दुसरी गुंडाळी षट्कोनी निघाली. १९३६ मध्ये पोलंडच्या व्लादिस्लाव ग्लिंस्की यांनी हा पट रचला आणि १९४९ मध्ये ब्रिटनमध्ये तो लोकांपुढे आला. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी ९१ घरं. रंग दोन पुरत नाहीत, तीन लागतात. कारण कुठल्याही कोपऱ्यावर तीन घरं एकमेकांना चिकटलेली असतात. मग उंटही तीन, प्रत्येक रंगाला एक. प्यादी नऊ. प्रत्येकाकडे अठरा मोहरे होतात, म्हणून दोन डबे एकत्र करायचे. हत्तीला सहा वाटा, उंटालाही सहा, आणि मध्यात उभ्या घोड्याला तब्बल बारा उड्या. चौकोनी पटावर दोन घोडे आणि राजा मिळूनही एकट्या राजावर जबरदस्तीने मात करू शकत नाहीत, हे ताईच्या मुलांना पाठ आहे. षट्कोनी पटावर करू शकतात.

ताईला यातलं एक कलम मनापासून आवडलं. ग्लिंस्कीच्या खेळात स्टेलमेट म्हणजे बरोबरी नाही. ज्याने कोंडी केली त्याला पाऊण गुण, ज्याची कोंडी झाली त्याला पाव. “हे ठीक आहे,” ती म्हणाली. “वजीर आणि दोन हत्ती जास्त असताना माझ्या मुलांनी समोरच्याला कोंडून अर्धा गुण घालवलाय. पाऊण मिळाला असता तर निदान घरी जेवले तरी असते.”

आणि मग तिने हल्ला फिरवला. “पण तीन-चार जणांचे पट मात्र काढूच नका.”

काढलेच होते. चौघांच्या बुद्धिबळाचा आजचा प्रचलित पट अधिक चिन्हासारखा असतो. मधे आठ बाय आठ, आणि चारही बाजूंना आठ बाय तीनची एकेक जोड. एकूण १६० घरं. हा आकार पाहून गुरुजींना सारीपाट आठवला नसता तरच नवल. सारीपाटाच्या एका पट्टीतही आठ बाय तीन, म्हणजे चोवीस घरं असतात. फरक एवढाच की सारीपाटाची पट्टी मध्यापासून लांब बाहेर जाते, आणि बुद्धिबळातली आडवी चिकटते. चारही पट्ट्यांची ९६ घरं आणि बुद्धिबळाची ६४. बेरीज तीच, १६०. कोणी मुद्दाम जोडलेलं नाही, पण जुळलंय.

“चौघांचं बुद्धिबळ परकं नाही,” गुरुजी म्हणाले. “अल-बिरूनीने १०३० च्या सुमारास लिहिलंय की हिंदुस्थानात चौघं फासे टाकून बुद्धिबळ खेळतात. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’तही बाराव्या शतकात चतुरंग आहे. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या सीमेला लागून.”

“त्यांचा पट चौकोनीच होता. फक्त खेळणारे चार.”

“बरोबर. आकार नंतर आला. चौघांना चौकोन अपुरा पडला असणार.”

“मला चौकोनाचं नाही, चौघांचं वावडं आहे. तिघांचं तर जास्तच. तिघं बसले की दोघं मिळून तिसऱ्याला संपवतात, आणि मग त्या दोघांतला जो मागे राहून ताकद वाचवतो तो जिंकतो. खेळ चांगला कोण खेळला याचा संबंधच राहत नाही. हरणारा जाता जाता कोणाला राजा करायचं तेही ठरवतो.”

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे उदाहरणासह समजावून सांगण्याची गरज नाही.

गुरुजींनी मान्य केलं, पण थोडंसंच. तिघांच्या पटाचा एक जनक रॉबर्ट झुब्रिन. मंगळावर माणूस न्या म्हणून अमेरिकेत आयुष्यभर आग्रह धरणारे अभियंते ते हेच. त्यांचा पट ९६ घरांचा आणि षट्कोनी: बुद्धिबळाचे तीन अर्धे पट मध्यात वाकवून जोडलेले. १९७२ मध्ये त्याला पेटंट मिळालं. “मंगळावर युती करायला तिसरा कोणी मिळाला तर खेळतील,” गुरुजी म्हणाले. ताई हसली, पण तिचा आक्षेप तसाच राहिला, आणि राहायलाही हवा. खेळाडूची पत मोजणारी एलो पद्धत दोघांच्या सामन्यासाठी बनलेली आहे. तिघांच्या डावाचा निकाल त्यात सरळ बसवता येत नाही.

खरं तर ताईचा सगळ्यात पक्का मुद्दा तिने अजून मांडलाच नव्हता. तो तिने आता शांतपणे मांडला.

“गुरुजी, बॉबी फिशरने १९९६ मध्ये ब्यूनोस आयर्सला नवीन प्रकार जाहीर केला. त्याला पाठांतराचा कंटाळा आला होता, तुमच्यासारखाच. त्याने मागच्या रांगेतले मोहरे उलटसुलट केले. ९६० मांडण्या होतात. आज जगातले पहिल्या फळीतले लोक तो खेळतात, २०१९ मध्ये त्याचं अधिकृत विश्वविजेतेपदही झालं. का टिकला? त्याने पटाला हात लावला नाही. प्रत्येक घरात, प्रत्येक शाळेत जो पट आहे, त्यावरच उद्या सकाळी खेळता येतो. तुमच्या पटाला आधी फ्लेक्सचं दुकान शोधावं लागतं, मग समोर बसणारा.”

गुरुजी थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “लिंकनला बसले.”

इंग्लंडमधल्या लिंकन गावी डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी १९८३ मध्ये गोल बुद्धिबळ पुन्हा उभं केलं, आणि १९९६ पासून तिथे त्याच्या विश्वविजेतेपदाचे सामने भरू लागले. गाव एक, मंडळी मोजकी, आणि नाव ‘विश्व’विजेतेपद. हा थाट आपल्याकडच्या गल्लीतल्या टेनिस बॉल स्पर्धांनाही शोभून दिसेल. पण त्यात एक गोष्ट खरी आहे. हा पट टिकला तो फार सुंदर आहे म्हणून नव्हे. त्याच गावात, तीच माणसं, परत परत भेटत राहिली म्हणून टिकला.

“खेडोपाडी दगडावर खडूने सोळा-सोळा गोट्यांचा पट आखतात,” गुरुजी म्हणाले. “मधे पंचवीस ठिकाणं, दोन टोकांना त्रिकोण, एकूण सदतीस. तो कुठल्या संघटनेने टिकवला? कोण त्याचं मानांकन ठेवतं? पारावर बसणारे लोक आहेत म्हणून तो आहे.”

“आणि पारावर बसणं थांबलं की तो जातो,” ताई म्हणाली. “माझ्या वर्गातल्या किती मुलांना येतो, विचारा.”

गुरुजींनी विचारलं. दोन हात वर आले. त्यातला एक अक्राणीच्या मुलीचा.

इथे गुरुजींच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी, जी त्यांनी स्वतः नीट मांडली नाही. स्पर्धेसाठी तयार होणारं मूल ओपनिंगच्या दहा-बारा चाली पाठ करतं आणि अकराव्या चालीला समोरच्याने वेगळं काही केलं की गडबडतं. गोल पटावर पहिल्या चालीपासून कोणालाच काही पाठ नसतं. तिथे शिक्षकाला मुलाचं डोकं चालताना दिसतं: ते हत्तीचा मारा दोन्ही बाजूंनी मोजतं की नाही, प्यादं कोणत्या अंगाचं पुढे सरकवतं, राजाला आडोसा कुठे शोधतं. ही वैद्याची नाडी पाहण्यासारखी गोष्ट आहे. त्यासाठी रोज गोल पट नको, कधीमधी पुरे.

ताईने हेच वेगळ्या शब्दांत मान्य केलं. पण अटी घातल्या. महिन्यातल्या एका रविवारी, शेवटचा अर्धा तास. दोघांचेच पट; तिघा-चौघांचे नाहीत. घड्याळ लावून. आणि डाव लिहून.

“लिहून कशाला?” गुरुजी म्हणाले. “मजेचा डाव आहे.”

“लिहिला नाही तर पुढच्या महिन्यात कोणी कुठे चूक केली ते कळणार नाही, आणि पुन्हा तीच होईल. तुमचे गोल पट मेले ते याच्यामुळे, गुरुजी. लोक खेळले, उठले, विसरले.”

“लिहायचा कसा? इथे ए ते एच नाही, एक ते आठ नाही.”

“कड्यांना आतून बाहेर क, ख, ग, घ. त्या कड्यांतल्या घरांना एक ते सोळा.”

“आणि एक कुठून?”

यावर पंधरा मिनिटं गेली. गुरुजींना खिडकीकडचं घर एक हवं होतं. ताई म्हणाली, फ्लेक्स फिरवला की खिडकी फिरते. एका मुलाने पांढऱ्या राजापासून मोजायला सुचवलं, पण कुठल्या दिशेने, यावर पुन्हा दोन तट पडले. अक्राणीच्या मुलीने विचारलं, जत्रेतला पाळणा फिरतो तसं का नाही? पण पाळणा दोन्हीकडे फिरतो. अखेर पांढऱ्या राजाच्या स्तंभाला एक म्हणायचं आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे पुढे मोजायचं, असं ठरलं. ताईने ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, खाली तारीख टाकली आणि पांढऱ्याचं घड्याळ सुरू केलं.